दहा तारीख

दर महिन्याच्या दहा तारखेला
माझ्या खात्यातून तीनशे अठरा डॉलर निघतात
आणि पांच्या निवृत्तीच्या खात्यात जाऊन बसतात.
आम्ही राहतो एकाच फ्लॅटमध्ये,
आंग मो किओ, अकरावा मजला,
त्यांच्या खोलीची आणि माझ्या खोलीची भिंत एकच.
तरी पैसे सगळं सिंगापूर फिरून येतात.
मला ते हातात देता येत नाहीत.
त्यांनाही घेता येत नाहीत.

एकतीस वर्षं पा सेंबावांगच्या गोदीत
जहाजांच्या पोटात शिरून वेल्डिंग करत होते.
पगाराचा एक तुकडा हाताला लागायच्या आधीच कापला जायचा,
म्हातारपणासाठी.
म्हातारपण काय असतं ते तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं,
माझी फी मात्र कळली.
त्यांचा पासवर्ड मीच टाकला, लायब्ररीतल्या संगणकावर.
ते मागे उभे होते, डोळ्यांत ठिणगी गेल्यासारखे डोळे बारीक करून.
मान हलवली.
मी बटण दाबलं.

व्याजाची गंमत अशी:
ते पैसे मी उचललेच नसते
तर जागच्या जागी पडून त्यांना जेवढं व्याज लागलं असतं,
तेवढं मी भरायचं.
म्हणजे दर दहा तारखेला मी
त्या दुसऱ्या मुलीचंही देणं चुकवते,
जी शिकलीच नाही,
जी तोआ पायोच्या बेकरीत पाव कापत राहिली,
सहाला घरी आली,
पांशी अस्सल तिओच्यूत कडाकडा भांडली.
कधी कधी बसमधून ती मला दिसते.
बरी दिसते.

मी केमिकल इंजिनिअर झाले.
नोकरी करते कुरिअर कंपनीच्या तक्रार विभागात,
लोकांची हरवलेली खोकी शोधते.
लिफ्टमध्ये पा अजून शेजाऱ्यांना सांगतात, "केमिकल."
मी मजल्यांचे आकडे बघत राहते.

रविवारी खालच्या कॉफीच्या दुकानात
त्यांनी खिशातून कागद काढला.
उरलेलं कर्ज सोडून द्यायचा अर्ज.
गोदीतल्या तेक सूनने म्हणे सांगितलं,
वय झालं, खात्यात पुरेसं असलं, की करता येतो.
सही झालेली होती.
क्वेक चिन लाय,
आयुष्यभर कुणाला पत्र न लिहिलेल्या माणसाची,
एकेक रेघ जोडत नेलेली सही.

मला राग आला,
इतका की मी इंग्रजीत बोलायला लागले.
मला ते फेडायचंय, पा. सगळं. शेवटच्या सेंटपर्यंत.
(त्यात माया किती आणि ताठा किती
ते मी मोजलेलं नाही.)
"किती राहिले?"
"एक्केचाळीस हप्ते."
त्यांनी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं,
जळून गुळगुळीत झालेल्या पेरांवर.
"मग घर कधी घेणार तुम्ही? तू आणि तो मुलगा?"

त्या मुलाबद्दल मी घरात
एक अक्षर बोलले नव्हते.
रात्री पांघरुणात तोंड घालून, हळू आवाजात,
फक्त फोनवर.
आणि गोदीने पांचा डावा कान कधीच नेलाय.
उजवा भिंतीकडे असतो, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

कॉफीवर साय धरायला लागली होती.
आमच्या कोपराचा धक्का लागला की टेबल डुगडुगायचं,
बशीत थोडी थोडी सांडायची.
मी कागद त्यांच्याकडे सरकवला.
त्यांनी माझ्याकडे.
मी परत.
मग पांनी त्याची घडी घातली, घडीवर घडी,
नखाने दाबून, पत्रा दुमडावा तशी,
गुडघा धरत खाली वाकले
आणि ती टेबलाच्या आखूड पायाखाली सारली.
हाताने एकदा हलवून पाहिलं.
टेबल पक्कं.

"तो काय खातो?" त्यांनी विचारलं.

तुटक्या तिओच्यूत,
शब्द हुडकत,
मी म्हटलं,
"सगळं."